थरथरती खुर्ची आणि फसलेला हात

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कंपवाताच्या रोग्याला मुद्दाम हादरे द्यायचे, ही कल्पना ऐकायलाच विचित्र वाटते. ज्याचे हात आधीच थरथरताहेत, त्याला आणखी कशाला हलवायचे? पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमधल्या एका नामांकित डॉक्टरांनी नेमके तेच केले. त्यांचे नाव झाँ-मार्तँ शार्को. साल्पेत्रिएर या प्रचंड रुग्णालयात त्यांनी मेंदूचे आणि मज्जातंतूंचे कितीतरी आजार एकमेकांपासून वेगळे ओळखायला शिकवले. कंपवाताला इंग्रज डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांचे नाव द्यावे, असे सुचवले तेही शार्को यांनीच. तेव्हा हा कुणा वैदूचा उद्योग नव्हता.

झाले असे, की त्यांच्याकडे येणारे कंपवाताचे रोगी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. लांबचा आगगाडीचा प्रवास झाला, किंवा घोडागाडीत बसून हादरे खात यावे लागले, की त्यानंतरचा काही काळ बरा जातो, अंग मोकळे वाटते. धडधाकट माणूस ज्या प्रवासाने आंबून जातो, त्याच प्रवासातून हे रोगी ताजेतवाने होऊन उतरत. रोग्याच्या बोलण्याला कान देणारा डॉक्टर मोठा, असे मी मानतो. शार्को यांनी कान दिला. त्यांनी यंत्राने थरथरणारी एक खुर्ची करवून घेतली, रोग्यांना तीत बसवायला सुरुवात केली आणि १८९२ साली 'कंपनचिकित्सा' या विषयावर व्याख्यान दिले. रोग्यांना झोप चांगली लागते, अंगाचा ताठरपणा कमी वाटतो, असे त्यांचे निरीक्षण होते. हातांची थरथर मात्र फारशी हटत नसे. त्यांचे शिष्य जॉर्ज झिल द ला तूरेत यांनी तर डोक्यावर घालायचे थरथरते शिरस्त्राणच तयार करवले. पुढच्याच वर्षी, १८९३ मध्ये, शार्को वारले आणि खुर्ची मागे पडली.

कंपनाने बरे करण्याचा विचार एकट्या शार्को यांचा नव्हता. लंडनमध्ये जोसेफ मॉर्टिमर ग्रॅनव्हिल या डॉक्टरांनी १८८३ सालीच मज्जातंतूंना कंपन देऊन उपचार करण्यावर पुस्तक लिहिले होते. त्यांचे यंत्र विजेच्या बॅटरीवर चालणारे होते. मग घरोघरी वीज आली आणि विजेवर चालणाऱ्या कंपनयंत्रांचे पेवच फुटले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांतल्या युरोप-अमेरिकेतल्या जाहिराती पाहिल्या तर संधिवात, बद्धकोष्ठ, डोकेदुखी, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, यांतली एकही तक्रार या यंत्रापुढे टिकत नसे. ज्या औषधाने सगळेच बरे होते त्याने काहीच बरे होत नाही, हा अनुभव लोकांना यथावकाश आला आणि शहाण्या डॉक्टरांनी कंपनाचे नाव घेणे सोडले.

शार्को यांच्या खुर्चीची रीतसर परीक्षा व्हायला मात्र एकशेवीस वर्षे जावी लागली. शिकागोच्या रश विद्यापीठातल्या संशोधकांनी कंपवाताच्या रोग्यांचे दोन गट केले. एका गटाच्या खुर्चीत कंपन होते. दुसऱ्या गटाला नुसत्याच आरामखुर्चीत बसवून मंद आवाज ऐकवले. निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. सुधारणा दोन्ही गटांत दिसली आणि ती जवळजवळ सारखीच होती. म्हणजे बरे वाटत होते ते खरे, पण ते कंपनामुळे, असे म्हणता येईना.

आता कुणी म्हणेल, मग ही गोष्ट इथेच संपली. संपली असती. पण मधल्या काळात कंपन एका अगदी वेगळ्या दाराने वैद्यकात परत आले होते. ते औषध म्हणून आले नाही, प्रश्न विचारण्याचे साधन म्हणून आले. तो प्रश्न कळण्यासाठी शार्को यांच्याही मागे जावे लागेल.

चार्ल्स बेल हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले शल्यविशारद. त्यांनी १८२६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. त्यात त्यांचे म्हणणे असे होते, की मेंदूपासून स्नायूकडे जाणारा हुकूम ही निम्मीच हकिगत आहे. स्नायूकडून मेंदूकडे बातमी परत यावी लागते. तसे झाले तरच वर्तुळ पुरे होते. पुढे हातावर लिहिलेल्या पुस्तकात, १८३३ मध्ये, त्यांनी एका तरुण आईची हकिगत दिली. तान्ह्या मुलाला पाजत असताना तिला झटका आला. एका बाजूची शक्ती गेली आणि दुसऱ्या बाजूची संवेदना गेली. ज्या हातात शक्ती होती त्या हाताने ती बाळाला छातीशी धरू शकत होती, पण कधी? बाळाकडे पाहत असेल तोवरच. कुणी हाक मारली, नजर दुसरीकडे वळली, की हात हळूहळू सैल पडे आणि बाळ निसटू लागे. तिला ते कळतही नसे. हात धड होता, पण हाताची बातमी तिच्यापर्यंत पोचत नव्हती. ती बातमी तिला डोळ्यांनी आणावी लागत होती.

आपल्याला ही बातमी इतकी फुकट मिळते की तिच्यासाठी रोजच्या भाषेत शब्दही नाही. रात्री वीज जाते, घरात काळोख होतो, आणि तरी ताटातला घास तोंडातच जातो, गालाला लागत नाही. डोळे मिटून हात वर करा. तो कोपरात किती वाकला आहे, मनगट कुठे वळले आहे, हे न पाहता सांगता येते. 'अंगवळणी पडणे' हा आपला वाक्प्रचार या संवेदनेच्या फार जवळ जातो. शास्त्रज्ञांनी तिला 'स्नायुसंवेदना' म्हटले. (शब्दाचा एक घोळ इथेच मिटवतो. आज आपण हलणाऱ्या मांसाला स्नायू म्हणतो. सुश्रुतसंहितेत मात्र शरीरात पेशी ५०० आणि स्नायू ९०० सांगितले आहेत. तिथे मांसल भागाला पेशी हा शब्द आहे आणि स्नायू म्हणजे बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या. मी आजच्या अर्थानेच बोलतो आहे. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीला कंडरा म्हणू.)

स्नायुसंवेदना आहे, इथवर बहुतेकांना मान्य होते. भांडण होते ते ती येते कुठून यावर. जर्मनीत एक मोठा पक्ष म्हणे, स्नायू काही सांगत नाही. हुकूम मेंदूनेच दिलेला असतो, तेव्हा किती हात हलवला हे मेंदूला आधीच ठाऊक असते. घरमालकाने गड्याला बाजारात पाठवले की गडी कुठे आहे हे मालकाला माहीत असते, तसेच हे. गडी वाटेत कुठे थांबला तर काय, हा प्रश्न बाकी राहतोच.

स्नायूंच्या आत एक चिमुकली वस्तू सूक्ष्मदर्शकाखाली दिसली होती. मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती, थेट चरख्याच्या चातीसारखी. विल्हेल्म क्यूने या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ मध्ये तिला नावही 'स्नायूची चाती' असेच दिले. ती कशासाठी आहे, हे कळायला तीस वर्षे गेली. १८९४ साली चार्ल्स शेरिंग्टन यांनी दाखवले, की स्नायूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंतले एकतृतीयांश ते निम्मे धागे हुकूम नेणारे नाहीतच, ते बातमी आणणारे आहेत. आणि त्यांतले कितीतरी या चात्यांतून निघतात. चातीच्या मध्यभागी मज्जातंतूचे टोक स्प्रिंगसारखे वेटोळे घालून बसलेले असते. स्नायू ताणला की वेटोळे ताणले जाते आणि संदेश सुटू लागतात. जितका ताण आणि जितका वेग, तितके संदेश दाट. आपल्या दंडाच्या एका स्नायूत अशा शेकडो चात्या असतात.

इतके कळल्यावर वाद मिटायला हवा होता. तो मिटला नाही, उलट विसाव्या शतकाच्या मध्यावर पाठ्यपुस्तकांनी पारडे दुसरीकडे झुकवले. चात्या आहेत, संदेश जातात, मान्य. पण ते पाठीच्या कण्यापुरते, माणसाच्या जाणिवेला त्यांचा पत्ता नसतो. हाताची जागा कळते ती सांध्यांमुळे, असे ठरले. या मताला बळ देणारा एक प्रयोग अमेरिकेत झाला. तो सेमूर गेल्फन आणि सॅली कार्टर यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. मनगटाची शस्त्रक्रिया चालू असलेल्या, फक्त कातडी बधिर केलेल्या रोग्यांच्या उघड्या कंडरा ओढून त्यांना विचारले, काही जाणवते का? रोगी म्हणाले, नाही. यावरून माणसाला स्नायुसंवेदनाच नाही, असा निर्वाळा देण्यात आला. टेबलावर पडलेल्या, मनगट उघडे असलेल्या माणसाला विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरावर किती भार टाकावा, हा विचार मात्र कमी झाला.

आणि याच सुमारास कंपन परत आले.

१९६६ साली तीन ठिकाणांहून जवळजवळ एकाच वेळी बातम्या आल्या. स्वीडनमध्ये उप्साला इथे कार्ल-एरिक हॅगबार्थ आणि गोरान एकलुंड, ऑस्ट्रेलियात सिडनीला जेम्स लान्स आणि त्यांचे सहकारी, आणि ऑक्सफर्डला पीटर मॅथ्यूज. मॅथ्यूज यांनी मांजरावर प्रयोग केले, इतरांनी माणसांवर. सर्वांना दिसले ते एकच: स्नायूवर किंवा त्याच्या कंडरेवर सेकंदाला शंभरच्या आसपास कंपने दिली, की तो स्नायू आपण होऊन, हळूहळू, आकसू लागतो. माणूस काही करत नसतो. नुसता बसलेला असतो आणि त्याचा हात आपोआप वर येऊ लागतो.

हे असे का? कारण कंपन म्हणजे चातीच्या दृष्टीने सेकंदाला शंभर वेळा होणारा बारीकसा ताण. ताण केसाएवढा का असेना, वेटोळ्याचे टोक प्रत्येक धक्क्याला एक संदेश सोडते. कण्याला वाटते स्नायू जोरात ताणला जातो आहे, आणि तो स्नायूला आवरून धरायला सांगतो. मॅथ्यूज यांच्या घरातच ही विद्या होती म्हणा ना. त्यांचे वडील ब्रायन मॅथ्यूज यांनी केंब्रिजमध्ये १९३०च्या दशकात एकेका चातीचे संदेश टिपण्याचे काम केले होते.

मॅथ्यूज, त्यांचा विद्यार्थी गाय गुडविन आणि ऑस्ट्रेलियातून आलेले इयन मॅक्लॉस्की यांनी पुढचा प्रश्न विचारला. कण्याला फसवता येते हे दिसले. माणसालाही फसवता येईल का? चात्यांचे संदेश जाणिवेपर्यंत पोचतच नसतील, तर कंपनाने त्याला काहीही वेगळे वाटता कामा नये.

१९७२ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा वाटतो, कारण त्यात जवळजवळ काहीच सामान लागत नाही. माणसाला टेबलाशी बसवायचे, डोळ्यांवर पट्टी बांधायची. दोन्ही कोपरे टेबलावर, दोन्ही हात उभे. एका हाताच्या दंडातल्या स्नायूच्या कंडरेवर, कोपराच्या लवणीत, कंपक टेकवायचा. त्या माणसाला काम एकच: तुझा कंपन लावलेला हात जिथे आहे असे वाटते, तिथे दुसरा हात ठेवत राहा. कंपन सुरू झाले की हात आपोआप वाकू लागतो. मग तो हळूच अडवून धरायचा. आता हात जागच्या जागी आहे. पण माणसाचा दुसरा हात पाहा, तो उघडत, सरळ होत चालला आहे! त्याच्या मते त्याचा अडवलेला हात कोपरात पसरतो आहे. पट्टी काढली तेव्हा दोन हातांत कधी कधी ४० अंशांपर्यंत फरक भरला.

दिशा लक्षात घ्या, सगळी गंमत दिशेत आहे. वाकवणारा स्नायू ताणला जातो तो हात सरळ होताना. कंपनामुळे चात्या ओरडून सांगत होत्या, स्नायू ताणला जातोय, ताणला जातोय. आणि माणसाला नेमके तेच वाटले, की हात सरळ होतोय. सांधा जागेवर होता, हुकूम कुणी दिलेला नव्हता, डोळे बांधलेले होते. तेव्हा ही खोटी बातमी चात्यांखेरीज दुसरे कुणी देणे शक्यच नव्हते. याच संशोधकांनी सांध्याची आणि कातडीची संवेदना बधिर करूनही पाहिले. स्नायू शाबूत असला की हालचाल कळत होती. चार्ल्स बेल यांचे वर्तुळ जवळजवळ दीडशे वर्षांनी पुरे झाले. उप्सालाच्या एकलुंड यांनाही त्याच वर्षी असाच परिणाम आढळला.

शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा तो जुना प्रयोगही पुन्हा करण्यात आला. १९७४ मध्ये मॅथ्यूज आणि सिमंड्स यांनी कंडरा ओढून रोग्यांना शांतपणे विचारले, तर रोगी म्हणाले, बोट हलल्यासारखे वाटते. तरी शंका उरू नये म्हणून १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांपैकी एकाने स्वतःच्याच पायाच्या अंगठ्याची कंडरा शुद्धीवर असताना उघडी करून घेतली आणि ओढवून पाहिली. अंगठा हलल्याचे त्याला स्वच्छ जाणवले. विज्ञानातले वाद असेही मिटतात.

फसवता येते म्हटल्यावर लोकांनी फसवण्याची हौस भागवून घेतली. ब्रायन क्रॅस्क यांनी १९७७ मध्ये दाखवले, की कंपन जोरात चालू ठेवले तर मनगट जितके वळूच शकत नाही तितके वळल्यासारखे वाटते. हात उलटा दुमडून बाहूला टेकतोय की काय, असे माणसे सांगू लागली. अमेरिकेतले जेम्स लॅकनर यांनी १९८८ मध्ये माणसांना स्वतःचे नाक चिमटीत धरायला लावले आणि मग दंडाच्या स्नायूला कंपन दिले. हात चेहऱ्यापासून लांब जातोय असे वाटते, नाक तर चिमटीत आहे. मेंदूने हिशेब जुळवला: नाक लांब होत असणार! लाकडी बाहुल्याच्या गोष्टीवरून या भासाला पिनोकिओचे नाव मिळाले. फ्रान्समध्ये मार्सेय इथले झाँ-पिएर रोल यांनी याच्या पुढे मजल मारली. मनगटाच्या चारी बाजूंच्या कंडरांना ठरावीक क्रमाने कंपन दिले, तर न हललेल्या हाताने आपण वर्तुळ काढले, अक्षर लिहिले, असे माणसाला वाटते. म्हणजे चात्यांची भाषा आता वाचताच नव्हे तर लिहिताही येऊ लागली. या भाषेत सर्वांत स्पष्ट ऐकू येते ते सेकंदाला ७० ते ८० कंपनांच्या आसपास, हेही त्यांच्याच नोंदींतून कळले.

आता आपल्या घरातल्या माणसाकडे येऊ. अर्धांगवायूचा झटका आला, जीव वाचला, पाय थोडाफार चालता झाला, पण हात मात्र रुसून बसला, अशी माणसे प्रत्येकाच्या नात्यात निदान एक तरी असतात. कोपर वाकलेले, मनगट आत वळलेले, मूठ घट्ट. पाण्याचा पेला घ्यायला हात पुढे केला की तो लांब जाण्याऐवजी आणखीच आखडतो. आपण म्हणतो, त्याच्या हातातली ताकद गेली. ती गेलेली असतेच. पण कितीजणांत बेल यांच्या त्या आईसारखी बातमीही गेलेली असते. मेंदूचा हुकूम अर्धामुर्धा पोचतो आणि उत्तर तर येतच नाही. अशा हाताला व्यायाम देणे म्हणजे बहिऱ्या माणसाला गाणे शिकवण्यासारखे अवघड काम.

कंपनाचा इथे उपयोग होईल का, हा प्रश्न हॅगबार्थ आणि एकलुंड यांनी फार लवकर, १९६८ सालीच विचारला होता. त्यांना दिसले, की ताठरलेल्या अंगाच्या रोग्यांत कुठल्या स्नायूला कंपन देता यावर सगळे अवलंबून आहे. ज्या स्नायूला द्याल तो जोर धरतो आणि त्याच्या विरुद्ध बाजूचा सैलावतो. योग्य जागी दिले तर रोग्याला हात जास्त उघडता येतो. चुकीच्या जागी दिले तर मूठ आणखी आवळते. आणि कंपक बंद केला की परिणाम ओसरू लागतो. शार्को यांची खुर्ची सगळ्या अंगाला एकदम हलवत होती. आधी सैल झालेल्याला आणि आधी ताणलेल्याला, दोघांना एकच बातमी. त्यातून मेंदूने काय समजायचे?

कंपन काही निरुपद्रवी नव्हे, हेही सांगायला हवे. १९१८ साली अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बेडफर्ड गावी डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी दगडफोड्या कामगारांचे हात तपासले. हवेच्या दाबावर चालणारी छिन्नी दिवसभर धरणाऱ्या या माणसांची बोटे थंडीत पांढरीफटक पडत, बधिर होत. तेही कंपनच. प्रयोगशाळेतले कंपन काही मिनिटांचे, मिलिमीटरभर किंवा त्याहूनही लहान हालचालीचे, एका कंडरेपुरते असते. म्हणून बाजारात मिळणारे मालिशचे यंत्र आणून दंडावर, खांद्यावर, जिथे वाटेल तिथे फिरवणे आणि मी सांगतो आहे ते उपचार, यांत नात्यापेक्षा नामसाधर्म्यच जास्त आहे. खोकेभर आशा विकत घेणाऱ्या कुटुंबांची मला चीड येत नाही. त्यांना ते खोके हमखास गुण येईल असे सांगून विकणाऱ्यांची येते.

उपचार म्हणून गंभीर प्रयत्न सुरू झाले ते मागच्या वीस-पंचवीस वर्षांत. अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड इथे पॉल कॉर्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक यंत्र केले. रोग्याचा हात त्यात ठेवायचा. यंत्र मनगट आणि बोटे सावकाश उघडते आणि मिटते. जो स्नायू त्या क्षणी ताणला जातो आहे, त्याच्याच कंडरेला कंपन मिळते. म्हणजे इथे खोटी बातमी नाही. खरीच बातमी मोठ्या आवाजात सांगितली जाते. आणि सर्वांत महत्त्वाचे, रोग्याने नुसते बसायचे नाही, यंत्राबरोबर स्वतःही जोर लावायचा. झटका येऊन वर्ष उलटून गेलेल्या, म्हणजे आता आणखी सुधारणा होणार नाही असे ज्यांना सांगितले जाते अशा रोग्यांनी रोज अर्धा तास, सहा महिने हे केले. त्यांच्या हालचालीत फरक पडल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. इटलीतल्या एका गटाने २०११ मध्ये वेगळी रीत मांडली: सेकंदाला १०० कंपने, लागोपाठ तीन दिवस, जोडीला नेहमीची फिजिओथेरपी. त्यांना परिणाम उपचारानंतरही काही आठवडे टिकलेला दिसला. हे अभ्यास छोटे आहेत. मोठ्या रुग्णसंख्येवर, वर्षानुवर्षे पाठपुरावा करून केलेले काम अजून थोडे आहे, आणि पेला उचलता येणे, शर्टाचे बटण लावता येणे, यांत किती भर पडते हे मोजणे सर्वांत कठीण.

शेवटचा प्रयोग अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहरातला, मार्क्वेट विद्यापीठातला. तोही २०११ चाच. अर्धांगवायू झालेल्या मोजक्या माणसांना बसवून त्यांच्या दुबळ्या हाताने टेबलाच्या पातळीत एका खुणेपर्यंत पोचायला आणि तिथे स्थिर राहायला सांगितले; दुसऱ्या चाचणीत हलत्या खुणेचा माग काढायला सांगितले. हे काम खांद्याचे आणि कोपराचे. पण कंपक बसवला होता मनगटाला, आतल्या बाजूच्या कंडरांवर, सेकंदाला ७० कंपने. कंपन चालू असताना या माणसांचा हात खुणेपाशी कमी डगमगला, माग काढताना चूक कमी झाली. हातातल्या मुठीचा आवळ सैल पडला आणि वरच्या हाताच्या स्नायूंची निष्कारण चाललेली ओढाताणही उतरली.

मनगटाला गुदगुल्या केल्या आणि खांदा शहाण्यासारखा वागू लागला, याचा अर्थ काय लावायचा, यावर एकमत नाही. काही म्हणतात, खालून येणाऱ्या संदेशांच्या लोंढ्यामुळे मेंदूचा हालचाल ठरवणारा भाग जागा होतो. डोक्यावर चुंबकाचा धक्का देऊन केलेल्या चाचण्यांत कंपन दिलेल्या स्नायूची मेंदूतली जागा जास्त तत्पर झालेली दिसते, ही त्यांची साक्ष. दुसरे म्हणतात, झटक्यानंतर कण्यातली जी केंद्रे मोकाट सुटतात, ज्यांच्यामुळे हात पुढे करताच मूठ आवळते, त्यांना कंपनाने लगाम बसतो. तिसरे म्हणणे सर्वांत साधे आहे. बाकी सगळी बातमी धूसर झालेल्या हातात कुठून तरी एक ठाम, सतत वाजणारी खूण येत राहते, आणि हात कुठे आहे याचा हिशेब मेंदू तिच्या आधाराने मांडतो.